खाटकाची खरखर आणि सारिआहोंचा ऑर्केस्ट्रा

नागपूरहून काटोल रोडनं गोरेवाड्याच्या पुढं निघालं, की घरं विरळ होतात आणि संत्र्याचे बगीचे, तुरीची शेतं दिसायला लागतात. तिथं धुऱ्यावरच्या बाभळीच्या शेंड्यावर, नाहीतर विजेच्या तारेवर, जवळपास बुलबुलाएवढा एक पक्षी एकटाच बसलेला असतो. डोकं राखी, पाठीचा खालचा भाग तांबूस, शेपूट लांब आणि डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा. हा नकल्या खाटीक. तो ओरडला की नुसती कर्कश खरखर येते, तिच्यात सूर शोधूनही सापडत नाही. पण विणीच्या दिवसांत जरा थांबून ऐकलंत, तर हाच पक्षी चोच जेमतेम उघडून, हलक्या आवाजात, बराच वेळ गुणगुणताना सापडतो. त्या गुणगुणण्यात खरखर असते, शीळ असते आणि मध्येच टिटवीही असते.

काया सारिआहो या फिनिश संगीतकार बाईंचं संगीत दोन मिनिटं ऐकून 'यात गाणं कुठंय?' असं विचारणारे मित्र मला नेहमी भेटतात. त्यांना मी सध्या एकच सांगतो, आधी खाटीक ऐका. सारिआहोंनी खाटकावर काही रचलं असं माझं म्हणणं नाही. ही गाठ माझी मीच मारलेली आहे. पण खाटकाच्या गळ्यात जे आहे, म्हणजे खरखरीपासून शुद्ध सुरापर्यंतचा सगळा पल्ला, त्याच पल्ल्यावर या बाईंनी अख्खे ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद, उभे केले. तो पल्ला कानाला कळला की त्यांचं संगीत उलगडायला लागतं.

आधी पक्षी. खाटीक कुळात तिसाहून जास्त जाती आहेत. बहुतेक आफ्रिका, युरोप आणि आशियात, दोन उत्तर अमेरिकेत. दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात या कुळाची वस्तीच नाही. आपल्या भागात नकल्या आहे, त्याहून लहान आणि गडद तांबड्या पाठीचा एक आहे, मोकळ्या माळावर राखाडी खाटीक दिसतो, आणि पावसाळा सरता सरता उत्तर आशियाकडून तपकिरी खाटीक हिवाळ्यासाठी उतरतो.

हे सगळे शिकारी. नाकतोडे, भुंगे, सरडे, पिल्लं, उंदीर, जे झेपेल ते. आता अडचण अशी, की शिकाऱ्याला लागतात तसे पाय यांच्याकडं नाहीत. घार किंवा ससाणा भक्ष्य पंजात आवळतो आणि चोचीनं फाडतो. खाटकाचे पाय मात्र चिमणी-बुलबुलासारखेच, फांदी धरण्यापुरते. मग तो भक्ष्य उचलून बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यावर खोचतो. काटा नसेल तर काटेरी तारेचं कुंपण चालतं, नाहीतर दोन फांद्यांचा बेचका. भक्ष्य तिथं घट्ट बसलं की चोचीनं ओढून तुकडे तोडायचे. आपल्याकडचा नकल्या हे अधूनमधून करतो, सगळे खाटीक सारख्या हौसेनं करत नाहीत. बाभळीच्या काट्यावर वाळलेला नाकतोडा दिसला, तर तो कुणा पोराचा उद्योग असेलच असं नाही.

चोच मात्र अस्सल शिकाऱ्याची. टोकाला आकडी, आणि वरच्या चोचीच्या कडेला ससाण्याला असतो तसा दातासारखा उंचवटा. त्यानं भक्ष्याची मान पकडायची. पुढं काय होतं ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सॅन क्लेमेंटी बेटावर वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं गेलं, आणि २०१८ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथला खाटीक उंदीर मानेला धरून सेकंदाला सुमारे ११ वेळा असा झटकतो, की उंदराच्या मानेला गुरुत्वाकर्षणाच्या सहापटीपर्यंत झटका बसतो. पायांत नसलेली ताकद त्यानं मानेत आणली आहे.

काट्यावर खोचण्यामागं फाडण्याची सोय हे एकच कारण नाही. फ्लोरिडात एक जाडजूड विषारी नाकतोडा असतो, जो बहुतेक पक्षी खात नाहीत. खाटीक तो मारतो, काट्यावर टांगतो आणि एक-दोन दिवस थांबतो. तेवढ्यात विष उतरतं, मग खातो. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात १९८०च्या दशकात झालेला प्रयोग याहून मजेशीर आहे. तिथले नर विणीच्या आधी आपल्या हद्दीतल्या काट्यांवर शिकार मांडून ठेवतात, सोबत पिसं, गोगलगायीचे शंख, चिंध्या असल्या न खाण्याच्या वस्तूही. संशोधकांनी काहींचा साठा काढून घेतला, काहींच्या साठ्यात भर घातली. भर घातलेल्यांची जोडी लवकर जमली. ज्यांचा साठा गेला, त्यांची जमलीच नाही. आपल्याकडं स्थळ बघताना काय काय विचारतात ते आठवून मला यात फारसं नवल वाटलं नाही.

डोळ्यांवरचा काळा पट्टाही शोभेचा नाही. पट्टेवाल्या खाटकाच्या एका जातीवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो पट्टा पांढऱ्या रंगानं झाकून बघितला. पक्ष्यांची शिकार साधेना. उन्हाची तिरीप डोळ्यांवर चमकू न देणं, हे त्या काळ्या रंगाचं काम असावं.

एवढं सगळं असूनही खाटीक मोजला जातो गाणाऱ्या पक्ष्यांत. घार-ससाण्याशी त्याचं नातं नाही. तो कावळा आणि कोतवाल यांच्या गोतावळ्यातला. गाणाऱ्या पक्ष्यांची खूण त्यांच्या गळ्याच्या रचनेत असते. आपलं स्वरयंत्र श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतं, पक्ष्यांचं खाली, जिथं नळी दोन फुप्फुसांकडं फुटते तिथं. त्यामुळं त्याला दोन बाजू मिळतात, प्रत्येक बाजूचे पडदे वेगळे, त्यांच्यावरचा ताबाही वेगळा. पडदे नियमित थरथरले तर शीळ निघते. त्यांच्या थरथरण्यातली शिस्त बिघडली की खरखर. खाटकाला दोन्ही जमतं, आणि एकातून दुसऱ्यात जाणंही.

शिवाय तो नकला करतो, नाव उगाच पडलेलं नाही. नकल्याच्या गाण्यात टिटवी, पावश्या-कोकिळेच्या जातीचे आवाज, खार, इतकंच काय कुत्र्याची पिल्लंसुद्धा नोंदवलेली आहेत. उत्तर अमेरिकेतला एक खाटीक हिवाळ्यात लहान पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करून त्यांना जवळ बोलावतो आणि धरतो, असं १९९७च्या एका शोधनिबंधात मांडलेलं आहे.

मोबाइलवर मर्लिन नावाचं पक्षी ओळखायचं मोफत ॲप असेल तर एक करून बघा. ते आवाज ऐकता ऐकता पडद्यावर त्याचं चित्र काढत जातं. डावीकडून उजवीकडं वेळ, खालून वर सुराची उंची. टिटवी किंवा कोकीळ ओरडली की स्वच्छ रेघा उमटतात. खाटकाची खरखर आली की रेघ दिसतच नाही, खालपासून वरपर्यंत एक राखट डाग पसरतो. आणि तो गुणगुणत असेल तर गंमत असते. डाग आकसत येतो, त्यातून रेघ निघते, वर जाते, पुन्हा फिसकटते. डाग आणि रेघ, एवढं ध्यानात ठेवा. सारिआहोंच्या संगीताचं जवळजवळ सगळं व्याकरण त्यात आहे.

आता रेघेच्या आत शिरू. संगीताच्या परीक्षांना बसलेल्यांनी नादाचे तीन गुण पाठ केलेले असतात. लहान-मोठेपणा, उंच-नीचता आणि जाती. पहिले दोन सगळ्यांना कळतात. तिसरा पाठ करून सोडून दिला जातो. तोच सा पेटीवर वाजला, बासरीवर वाजला, गळ्यातून आला, तरी आपण डोळे मिटून वेगळा ओळखतो, ती त्याची जाती. ती येते कुठून, ते तानपुऱ्यावर सगळ्यात चांगलं कळतं.

समजा खर्जाची तार सेकंदाला १३० वेळा कंप पावते. ती एकटी १३०वर थांबत नाही. त्याच वेळी तिच्यात २६०, ३९०, ५२०, ६५० असे सहायक नादही असतात. २६० म्हणजे वरचा सा, ३९० त्यावरचा प, ५२० पुन्हा सा, आणि ६५० म्हणजे गांधार. तानपुऱ्यात गांधाराची तार नसते, तरी तो जुळला की गांधार घुमतो, ज्याला जुने लोक स्वयंभू गांधार म्हणतात. तो हा पाचवा नाद. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला, की कोणता सहायक नाद पुढं यायचा ते बदलतं. तारेचा सूर तोच राहतो, आवाज खुलतो किंवा बसतो. जवारी लावणारा कारागीर सूर बदलत नसतो, सुराच्या आतली वाटणी बदलत असतो.

पॅरिसमध्ये १९७०च्या दशकात काही तरुण संगीतकारांनी नेमकं हेच धरलं. जेरार ग्रिझे यांनी ट्रॉम्बोन या पितळी वाद्याचा खर्जातला एक सूर घेतला, त्याचे सहायक नाद वेगळे काढले, आणि १९७५ साली एकेक नाद एकेका वाद्याला वाटून दिला. अठरा वादक मिळून एकच प्रचंड मोठा सूर वाजवताहेत, असं ते संगीत. रागात सा घेऊन बाहेरच्या दिशेनं बढत होते. इथं बढत सुराच्या आतल्या दिशेनं होते.

काया सारिआहो या वाटेवर थोड्या उशिरा आल्या, आणि त्यांनी ती आपल्या पद्धतीनं वळवली. जन्म १९५२, हेलसिंकी. लहानपणी रात्री झोपताना त्यांना उशीतून संगीत ऐकू यायचं, आणि त्या आईला म्हणायच्या, ही उशी बंद कर, ही आठवण त्यांनी पुढं अनेकदा सांगितली. हेलसिंकीत शिकल्या. १९७७ मध्ये बरोबरीच्या विद्यार्थ्यांसोबत 'कान उघडा' अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली. मग जर्मनीतल्या फ्रायबर्गला गेल्या. तिथल्या संगीतात सगळं गणित कागदावर आणि कानाला त्यातलं फार थोडं, याचा त्यांना कंटाळा आला. १९८२ मध्ये त्या पॅरिसच्या इरकाम या संशोधन केंद्रात आल्या, जिथं संगणकावर आवाज चिरून बघता येत होता. पॅरिसमध्येच त्या राहिल्या, आणि २ जून २०२३ रोजी तिथंच वारल्या.

इरकाममध्ये त्यांना जे सापडलं ते त्यांनी १९८७च्या एका लेखात स्पष्ट मांडलं. पाश्चात्त्य संगीत शेकडो वर्षं एका जोडीवर चाललं, विसंवाद आणि संवाद. टोचणारे स्वर एकत्र वाजवून ताण आणायचा, जुळणारे वाजवून तो सोडवायचा. सारिआहो म्हणाल्या, ताण आणायला विसंवादी स्वरच कशाला हवेत? एका टोकाला खरखर ठेवा, दुसऱ्या टोकाला नितळ सूर. खरखरीकडं गेलं की ताण वाढेल, नितळ सुराकडं आलं की उतरेल.

हे वाद्यांवर कसं करायचं ते जवळून बघण्यासारखं आहे. व्हायोलिनचा, किंवा चेलो या त्याच्या मोठ्या, खर्जातल्या भावंडाचा गज घोडीपासून जरा लांब, नेहमीच्या जागी हलका फिरला तर सूर गोल येतो. तोच गज सरकत घोडीच्या अगदी जवळ गेला, की मूळ सूर पातळ होतो आणि वरचे सहायक नाद काचेसारखे चमकायला लागतात. त्याच जागी गजावर दाब वाढवत नेला, की सूर फुटतो आणि नुसती करकर उरते. नवशिक्याच्या हातून हे रोज होतं आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. सारिआहो ते लिहून मागतात. त्यांच्या स्वरलिपीत एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत लांब बाण काढलेले असतात, म्हणजे या आवाजातून त्या आवाजात हळूहळू, मध्ये कुठंही टप्पा न दाखवता जा. बासरीवर तसंच. आधी नुसता श्वास, मग श्वासात मिसळलेला सूर, मग सूर, मग वादकानं बासरीतच कुजबुजलेले शब्द. मर्लिनच्या पडद्यावर डागातून रेघ निघताना बघितली होती, तीच चाल.

आता हा बाण एका वादकापुरता न ठेवता ऐंशी-नव्वद वादकांना लावला तर काय होईल? यासाठी मी त्यांची 'ओरायन' ही रचना सुचवतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रासाठी २००२ मध्ये लिहिलेली, तीन भागांची. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. आपल्याकडं मृग म्हटलं की पेरणी नाहीतर संत्र्याचा मृग बहार आठवतो, त्यांच्याकडं तो हिवाळी आकाशातला शिकारी. पहिल्या भागात घट्ट थर एकावर एक चढत जातात, ऑर्गनही असतो, आणि बराच वेळ कोणतं वाद्य काय वाजवतंय ते सांगता येत नाही. तसंच हवं आहे त्यांना. दुसरा भाग 'हिवाळी आकाश'. तो पिकोलो या छोट्या बासरीच्या एकट्या धूनेनं उघडतो, आणि तीच ओळ एकेका वाद्याकडं जाते. सूर जवळपास तेच, जाती बदलत राहते. इथं बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं की आपल्याला काहीतरी कळलं. तिसरा भाग 'शिकारी'. तो धावतो. सारिआहोंचं संगीत नुसतं तरंगत असतं अशी तक्रार करणाऱ्यांना मी हा आधी ऐकवतो.

ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर जुनी हिंदी गाणी, एवढाच नागपूरचा अनुभव असेल तर हे अवघड वाटणार, त्यात कमीपणा काही नाही. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, पण तेवढ्यासाठी कोण जातं? शिवाय सारिआहो अवघड आहेत हा समज जगाच्या पाठीवर सगळीकडं होताच, आणि बाई असणं त्यात भर घालत होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं १९०३ मध्ये एथेल स्माइथ यांचा ऑपेरा केला होता. त्यानंतर एखाद्या स्त्रीनं रचलेला ऑपेरा तिथं रंगमंचावर आला तो थेट २०१६ मध्ये, सारिआहोंचा. एकशे तेरा वर्षं! मधल्या काळात बायका रचत नव्हत्या असं कुणी म्हणू नये. २०१९ साली बीबीसीच्या संगीत मासिकानं संगीतकारांनाच विचारलं, की आजवरचे सगळ्यात मोठे संगीतकार कोण. त्यात तेव्हा हयात असलेल्यांत सगळ्यात वर सारिआहोंचं नाव आलं.

पक्षी आणि संगीतकार बाई यांची खरीखुरी जोडी हवी असेल तर ती ऑस्ट्रेलियात आहे. हॉलिस टेलर या व्हायोलिनवादक आणि संगीतकार. २००१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका आडरानात त्यांनी तिथला काळा-पांढरा खाटीक ऐकला आणि पुढची अनेक वर्षं त्याच्यामागं घालवली. नाव खाटकाचं असलं तरी तो आपल्या खाटकाच्या कुळातला नाही. तोही भक्ष्य बेचक्यात अडकवतो, तोही गातो, पण दोन्ही कुळं वेगवेगळ्या वाटेनं तिथं पोचली. हा पक्षी वसंतात रात्रभर एकटा गातो, ठरावीक ओळी उलटसुलट जोडत. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की ज्या पक्ष्याचं भांडार जास्त गुंतागुंतीचं, तो आपल्या ओळी जास्त नियमित अंतरानं परत आणतो. खयाल गाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण टेलर आणि सारिआहो यांच्यात मला फरक दिसतो. टेलर पक्ष्याच्या ओळी घेतात. सारिआहो ओळीच्याही खाली जातात, आवाज ज्याचा बनतो तिथं. मला विचाराल तर दुसरं काम जास्त कठीण, कारण ओळ निदान गुणगुणता तरी येते.

ऐकायचा क्रम सांगतो. सुरुवात ऑर्केस्ट्रापासून करू नका. आधी 'लिख्तबोगेन', १९८६ची, फक्त नऊ वादक आणि इलेक्ट्रॉनिक्स. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशातल्या प्रकाशाच्या कमानी बघून सुचलेली, आणि तिचे स्वर काढले आहेत चेलोचा एक सूर फुटून खरखर होतो त्या क्षणाच्या विश्लेषणातून. सुरुवातीला एकच सूर आहे असं वाटेल. चाल शोधू नका, तो सूर किती खरबरीत आहे आणि कुठं नितळ होतोय, एवढंच धरा. नंतर 'ओरायन'चा दुसरा भाग, मग पहिला, शेवटी तिसरा. मोबाइलच्या स्पीकरवर मुळीच नको. त्यात खर्ज जातो, बारीक चमकही जाते, आणि या संगीतात ते गेलं की मागं काही उरत नाही. शंभर-दोनशे रुपयांचे वायरचे इयरफोनसुद्धा त्यापेक्षा बरे.

आणि एकट्या बासरीची 'लाकोनिझ्म द लेल' ऐकाच. १९८२ची, पक्ष्यांवरच्या एका फ्रेंच कवितेवरून सुचलेली. आधी वादक ती कविता बोलते, शब्दांचे श्वास होतात, श्वासांचे सूर. ती लॅपटॉपवर लावून शेजारी मोबाइलवर मर्लिन चालू ठेवा आणि डाग-रेघा बघा. ॲप मधूनच एखाद्या पक्ष्याचं नाव सुचवेलही, त्याचं मनावर घेऊ नका.